राणीची कंबर आणि एका वेताचा मोह



या सदरात आपण पिकाचे बोलतो, गोठ्याचे बोलतो, फार तर कोंबड्या-शेळ्यांचे. कुत्र्याविषयी लिहिण्याची पाळी क्वचितच येते. पण गेल्या पंधरवड्यात निफाड तालुक्यातून एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आले आणि ते वाचून वाटले, हा प्रश्न एका घरचा नाही. हल्ली मळ्यात राहणारी कितीतरी कुटुंबे राखणीसाठी शहरातून जातिवंत कुत्र्याचे पिल्लू विकत आणतात. तेव्हा त्या ताईंना उत्तर इथेच देतो, म्हणजे ते सर्वांच्या कामी येईल.

पत्रातील हकिगत थोडक्यात अशी. द्राक्षबागेतील वस्ती, आसपास बिबट्याचा वावर, म्हणून मालकांनी सोळा हजार रुपये मोजून जर्मन शेफर्डचे, म्हणजे आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो त्याचे, मादी पिल्लू आणले. पिल्लू तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांचे होते. विकणाऱ्याने आपल्या घरी बोलावलेच नाही. हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाजवळ पिल्लू हाती दिले आणि वंशावळीचा कागद मागाहून पाठवतो म्हणाला. राणी आता अकरा महिन्यांची आहे. चारेक महिन्यांपासून ती उठताना मागचे पाय ओढते, पळताना सशासारखे दोन्ही पाय जोडून टाकते, ओट्याची पायरी चढायला कचरते. नाशिकला एक्स-रे काढला. डॉक्टरांनी सांगितले, दोन्ही खुब्यांचे सांधे जन्मजात वळणाचेच सैल आहेत. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, ‘तुम्ही पाडली असेल.’ आता फोन उचलत नाही. सासूबाई म्हणतात, लांब धाब्यावर सोडून या. शेजारी म्हणतात, निदान एक वेत घ्या, पिल्ले विकून पैसे तरी वसूल होतील. आणि सहावीतला मुलगा रोज विचारतो, राणी बरी कधी होणार? ताईंचा स्वतःचा प्रश्न निराळाच आहे: ‘माझ्या खाऊ घालण्यात काही चुकले का?’

ताई, आधी तुमचा प्रश्न घेतो. मी शेतकी पदवीधर आहे, पशुवैद्य नव्हे. म्हणून आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांजवळ बसून सगळे समजून घेतले आणि मगच लिहितो आहे.

मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो आणि कमरेच्या हाडात त्याला बसायला वाटी असते. गोळा वाटीत घट्ट बसला तर पाय गुळगुळीत फिरतो. काही कुत्र्यांत ही वाटी उथळ राहते आणि सांधा ढिला पडतो. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आख यांत ढील पडली की चाक डगडगते, आणि डगडगले की आणखी झिजते, तसेच हे. गंमत अशी, की जन्मताना पिल्लू अगदी ठणठणीत दिसते. ढील वाढीच्या महिन्यांत पडते आणि लंगडणे साधारण चार महिन्यांपासून वर्षाच्या आत दिसू लागते. काहींत तर ते म्हातारपणीच उघडे पडते. अल्सेशियन, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर अशा अंगापिंडाने मोठ्या जातींत हा दोष जास्त आढळतो. अमेरिकेतील पशुवैद्य श्नेले यांनी १९३५ साली त्याची पहिली नोंद केली, म्हणजे ही काही नवी गोष्ट नाही. कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला हे ठाऊक नाही, असे होत नाही.

हा दोष रक्तातून येतो. तुम्ही पाडली म्हणून दोन्ही बाजूंचे सांधे सारखे उथळ होत नाहीत. मात्र रक्तात जे आले ते किती वाढेल, यात खाण्याचा हात असतो, हेही खरे. मोठ्या जातीचे पिल्लू भराभर वजन घेऊ लागले की कोवळ्या सांध्यावर भार पडतो. तुम्ही लिहिता की हाडे बळकट व्हावीत म्हणून कॅल्शियमचे टॉनिक रोज पाजले. ते विकणाऱ्यानेच सांगितले होते आणि तुम्ही ते मायेने केले. पण मोठ्या जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियम हितकर नसते. नको असलेले कॅल्शियम बाहेर ठेवणे त्यांच्या कोवळ्या आतड्याला जमत नाही आणि हाडांची वाढ बिघडते. डॉक्टरांनी लिहून दिलेले नसेल तर ते आजच बंद करा. ज्याने दोषी रक्ताचे पिल्लू विकले त्याने टॉनिकचाही सल्ला द्यावा, याला काय म्हणावे!

आता पैदाशीचे. हे आपल्या वाचकांना फार समजावून सांगावे लागणार नाही. बैल घेताना आपण त्याला चार पावले चालवून बघतो, खूर बघतो, दात बघतो. म्हैस घेताना दोन वेळा स्वतः धार काढून बघतो. गाय भरवताना कांडी कोणत्या वळूची, त्याच्या आईचे दूध किती, हे विचारतो. होल्स्टीन गाईंमध्ये वासरांची रोगप्रतिकारशक्ती खलास करणारा एक आनुवंशिक दोष पसरला होता; त्याचा माग काढत गेले तेव्हा तो १९५२ साली जन्मलेल्या ऑस्बर्नडेल आयव्हनहो नावाच्या एका नामांकित वळूपर्यंत जाऊन पोहोचला. वळू उत्तम, मुली दुधाळ, म्हणून त्याचे रक्त जगभर गेले आणि दोषही बरोबर गेला. आज आपल्या देशात गोठित रेतनासाठी होल्स्टीन वळू निवडताना या दोषाची व अशाच आणखी काही दोषांची रक्ततपासणी करावी लागते. कुत्र्याचे पिल्लू घेताना मात्र हाच शहाणा शेतकरी रस्त्याकडेला नोटा मोजून देतो.

खुब्याच्या दोषात एक अडचण आहे. तो एका जनुकाचा खेळ नाही, अनेक जनुके मिळून तो घडतो, म्हणून एका रक्ततपासणीने निकाल लागत नाही. चांगल्या चालणाऱ्या आईबापांच्या पोटीही लंगडे पिल्लू येऊ शकते. उपाय एकच: पैदाशीच्या नर-मादीचे एक्स-रे काढायचे, सांधे चांगले असतील तरच जोडी लावायची, आणि त्यांची भावंडे, आधीची पिल्ले कशी निघाली याची नोंद ठेवायची. अमेरिकेत १९६६ साली जॉन ऑलिन नावाच्या उद्योगपतीने याच कामासाठी संस्था उभी केली. त्यांच्या शिकारी लॅब्रॅडॉर कुत्र्यांतही हीच व्याधी होती. तिथे दोन वर्षे पुरी झाल्याशिवाय कुत्र्याला सांध्याचा कायम दाखला देत नाहीत. वंशावळीचा कागद ही वेगळी गोष्ट आहे. आजा-पणजा कोण हे तो सांगतो. आजाची कंबर कशी होती हे सांगत नाही.

ताई, तुम्ही लिहिता की राणीच्याच वेतातले दुसरे पिल्लू सिन्नरकडे एका घरी गेले आहे आणि तेही आता मागून लंगडते. तुमच्या पत्रातील हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यातच शेजाऱ्यांच्या सल्ल्याचे उत्तर आहे.

एक वेत घेतले तर सात-आठ पिल्ले होतील असे धरू. दिसायला गोंडस, दोन महिन्यांची होईपर्यंत निरोगी. हातोहात खपतील आणि सोळा हजार कदाचित दुपटीने परत येतील. मग वर्षभरात त्या घरांपैकी काही घरांत हेच चालू होईल: एक्स-रे, रात्रीचे कण्हणे, मुलाचे प्रश्न. शिवाय तोवर त्यातली एखादी मादी पुन्हा भरवलेली असेल. तुम्हाला विकणाऱ्याने अजाणता केले असे घटकाभर मानले, तरी तुम्ही मात्र आता जाणून कराल. आणि राणीच्या जिवाचे काय? ढिल्या सांध्यांवर पोटातल्या पिल्लांचे ओझे वागवायला ती काही यंत्र नाही. शेजाऱ्यांना वाईट म्हणत नाही, बुडालेला पैसा डोळ्यांसमोर असला की असे सुचते. पण बियाण्यात भेसळ निघाली म्हणून तेच बियाणे पुडीत भरून पुढच्या गावी कोणी विकले, तर आपण त्याला काय म्हणू?

तेव्हा राणीचे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया करून घ्या. कोणत्या महिन्यात करायची ते डॉक्टरांना ठरवू द्या; मोठ्या जातीत सांध्यांची वाढ पुरी होऊ देणे बरे असते. तोवर ती माजावर आली तर तीन आठवडे खोलीत कडीकुलपात ठेवा. वस्तीवरचे नर दाव्याला जुमानत नाहीत. या शस्त्रक्रियेने म्हातारपणी गर्भाशयात पू होण्याचे भयही जाते.

धाब्यावर सोडण्याचा विचार तर मनातून काढाच. सासूबाईंना सांगा, जनावराला उपाशी मरेल असे टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी मागचे पाय न चालणारे कुत्रे रस्त्यावर किती दिवस काढील, हे त्यांनाही कळते.

राणी बरी होणार का, हे मुलाला खरे तेच सांगा: सांधा नवा होणार नाही, पण तिचे दिवस सुखाचे करता येतील. नीट सांभाळलेली अशी कुत्री अनेक वर्षे आनंदात राहतात. त्यात सगळ्यांत मोठे औषध म्हणजे हलके वजन. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवर आयुष्यभर चाललेल्या प्रयोगात एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणे दिले. २००२ साली निष्कर्ष छापून आले. कमी खाणारी कुत्री सरासरीने तेरा वर्षे जगली, पोटभर खाणारी सव्वाअकरा. खुब्याची झीजही कमी खाणाऱ्यांत उशिरा आणि कमी झाली. आपल्याकडे कुत्र्याच्या बरगड्या हाताला लागल्या की माणसे हळहळतात. राणीच्या बरगड्या हाताला लागल्याच पाहिजेत, डोळ्यांना मोजता येऊ नयेत, एवढेच. शिळ्या भाकरी, तूप, लग्नाच्या पंगतीतले उरलेले गोड तिला नको. मुलाला हे जड जाईल, कारण भरवणे हाच त्याचा जीव लावण्याचा प्रकार आहे. वजनाची वही त्याच्याकडे द्या.

ती बसते तिथे गुळगुळीत फरशी असेल तर जुनी गोणपाटे किंवा रबरी चटई अंथरा. पाय फाकला की सांधा दुखावतो. थंडीत जमिनीवर निजू देऊ नका, बाजेवर चढवूही नका. दिवसभर साखळीला बांधून ठेवले तर मांडीचे स्नायू सुकतात आणि सांध्याला उरलेला आधार जातो. सकाळ-संध्याकाळ मऊ मातीवरून सावकाश फिरवा, चेंडूमागे उड्या मारायला लावू नका. पोहण्याने सांध्यावर भार न येता व्यायाम होतो, पण म्हणून तिला शेततळ्यात सोडाल तर घात होईल. प्लॅस्टिकच्या कागदावरून धड पायांच्या कुत्र्यालाही वर येता येत नाही.

मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी अर्धी करून दिली, असे तुम्ही लिहिले आहे. हे पुन्हा करू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही माणसांची औषधे कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव करतात, मूत्रपिंडे निकामी करतात. पॅरासिटामॉलही आपल्या अंदाजाने देण्याची वस्तू नाही. (जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवण्यास सरकारने २००६ साली बंदी केली ती गिधाडांसाठी, हे आपल्याला आठवत असेल.) कुत्र्यांसाठीची वेगळी वेदनाशामके आहेत, ती डॉक्टरांच्याच हातून, वजनाप्रमाणे. दुखणे फारच वाढले तर मांडीच्या हाडाचा गोळा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया असते. तुम्हाला परळचे किंवा शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय सोयीचे पडेल. जाताना एक्स-रे बरोबर न्या.

राखणीची काळजी करू नका, भुंकायला ती समर्थ आहे. पण रात्री तिला उघड्यावर ठेवू नका. पळता न येणारे कुत्रे बिबट्याला आयते मिळते.

राहिला पैशाचा प्रश्न. कुत्र्यांच्या पैदाशीविषयी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, दीड वर्षाच्या आतली मादी भरवता येत नाही. तुमचे पिल्लू पाच आठवड्यांचे होते, म्हणजे नियम तिथेच मोडला. पैसे दिल्याचा पुरावा, फोनवरचे संदेश, एक्स-रे, डॉक्टरांचा लेखी अभिप्राय एका पाकिटात ठेवा. सिन्नरच्या कुटुंबालाही तसेच करायला सांगा. विकणाऱ्याला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. उत्तर आले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. पैसे मिळतीलच असे मी म्हणत नाही. पण एका विक्रेत्याविरुद्ध दोन घरांचे कागद एकत्र आले तर त्याला ‘तुम्ही पाडली असेल’ म्हणणे अवघड जाईल.

सोबतीला दुसरे कुत्रे आणायचा विचार आहे असे शेवटी लिहिले आहे. घाई नको. जातिवंतच हवे असेल तर विकणाऱ्याच्या घरी जा, पिल्लाच्या आईला चालवून बघा, दोन्ही आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा, आधीच्या वेतातील पिल्ले कुठे गेली ते विचारून त्यातल्या एका घरी तरी फोन करा. टाळाटाळ दिसली की परत फिरा. नाही तर वस्तीवर पिढ्यान् पिढ्या पळणाऱ्या एखाद्या गावठी कुत्रीचे पिल्लू घ्या, लस टोचा आणि वाढवा. तिची आई डोळ्यांसमोर धावत असते, दाखला मागावा लागत नाही.

मुलाने राणीचे वजन दर पंधरा दिवसांनी घ्यावे. आधी पोत्यासकट तोलकाट्यावर उभी करायची, मग पोत्याचे वजन वजा करायचे. सहा महिन्यांचे आकडे झाले की ती वही उतरवून मला पाठवा, ताई.