माईक चावडीवर, बाई घरात

मराठी ग्रामीण कादंबरीचं आणि आकाशवाणीचं नातं जुनं आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही पहिली कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपानं आली. त्याच वर्षी ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर रुजू झाले आणि १९८५पर्यंत तिथे ग्रामीण कार्यक्रम करत राहिले. शंकर पाटील १९५७मध्ये आकाशवाणीत गेले. गावच्या पाटीलकीची, सत्तेची गोष्ट सांगणारी 'टारफुला' ही त्यांची पहिली कादंबरी १९६४ची. टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण. नावातच सगळं आलं.

या दोघांचं श्रेय नाकारायचं कारण नाही. रेडिओवरचं वाक्य ऐकणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा ऐकता येत नाही. ते छोटं लागतं, शब्द ओळखीचा लागतो, बोलणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहावा लागतो. माडगूळकरांची भाषा रेडिओच्या आधीच घडली होती हे खरं. 'माणदेशी माणसं' १९४९चं. पण ज्या कानानं त्यांनी लिहिलं, तोच कान आकाशवाणीला हवा होता. खेड्यातली बोली ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, हे या लेखकांनी मराठी वाचकाला पटवलं.

मग आपण बायकांनी विचारायचा प्रश्न एवढाच उरतो : या कानाला ऐकू कोण येत होतं?

१९५६मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रावरून एक मोठा प्रयोग झाला. सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळं स्थापन झाली. लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची, प्रश्न केंद्राला कळवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला आणि तो पुढे जगभर गाजला. प्रयोग चांगलाच होता. पण ती मंडळं मुख्यतः पुरुषांची होती. संध्याकाळी रेडिओपुढे बसायला ज्याला सवड, तो श्रोता. त्या वेळी भाकरी कोण थापत होतं, हे वेगळं सांगायला नको.

'बनगरवाडी'त हेच वेगळ्या रीतीनं दिसतं. गोष्ट सांगतो तो तरुण, एकटा, परगावचा मास्तर. तो शाळेत असतो, चावडीवर असतो, पुरुषांच्या बैठकीत असतो. घराच्या आत त्याला वाट नाही. कारभाऱ्याची अंजी त्याच्याकडे चोळी शिवून आणण्याचं काम सोपवते, तर तेवढ्यावरून संशय उभा राहतो. माडगूळकर इथे प्रामाणिक आहेत. मास्तरला जे दिसू शकत नाही, ते त्यांनी खोटंच रंगवलं नाही. आणि जे दिसलं ते असं, की विसरता येऊ नये : शेकूजवळ दुसरा बैल नाही, म्हणून त्याची बायको बैलाशेजारी जू स्वतःच्या मानेवर घेते.

पडेगावात आमच्या बायकांच्या बैठकीत हा प्रसंग मी सांगितला. यातल्या बऱ्याचजणी दुष्काळात गाव सोडून शहराच्या कडेला आलेल्या. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "जू मानंवर घेतलं ते लिवलं. पर रातीला तिची मान दुखली आसंल, ते कोन लिवनार?"

समीक्षेच्या दहा पानांत येणार नाही ते या एका प्रश्नात आलं. दिवसा शेतात बैलाच्या जागी उभी राहिलेली बाई सगळ्या गावाला दिसते. रात्री घरात तिचं काय होतं, ते ऐकायला माईक आत न्यावा लागतो. आपल्या वाचनात ती 'शेकूची बायको' म्हणूनच राहते, आणि आपण मात्र त्या कादंबरीला 'गावाचं चित्र' म्हणतो. अर्धं गाव म्हणजे गाव, ही सवय लेखकाइतकीच वाचकाचीही आहे.

पुरुषाला आतलं ऐकूच येत नाही, असं माझं म्हणणं नाही. रा. रं. बोराडे यांनी १९७१मध्ये 'पाचोळा' लिहिली ती गावातल्या शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, मराठवाड्याच्या बोलीत. २०२५मध्ये ते याच शहरात, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, वारले. २००५मध्ये कविता महाजन यांची 'ब्र' आली, ती संस्थेत काम करणाऱ्या बाईच्या नजरेतून पंचायतीतल्या बायकांपर्यंत गेली. म्हणजे प्रश्न कान कुठे लावला याचा आहे.

आज माईकची जागा थोडी बदलली आहे. २००६च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी झाली. तेलंगणात माचनूरला दलित बायका २००८पासून संगम रेडिओ चालवतात. त्याच वर्षी म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. म्हसवड म्हणजे माणदेश, 'बनगरवाडी'चाच मुलूख. तिथे आता बायका माईकसमोर बसतात. उद्याची पहिली कादंबरी अशाच एखाद्या स्टुडिओतून का येऊ नये?

ती आपोआप येणार नाही. माडगूळकर आणि पाटील यांना नोकरी होती, पगार होता, लिहायला टेबल होतं. आपल्या कार्यकर्तीला काय असतं? दिवसभर फिरती, रात्री अहवाल. बाईनं तासभर मोकळेपणानं सांगितलेलं आपण 'लाभार्थी क्रमांक अमुक' म्हणून चार ओळींत बसवतो. तिची बोली प्रमाण मराठीत 'सुधारतो'. मुलाखतीच्या कॅसेट कपाटात बुरशी धरतात. निधी देणाऱ्यांचं काम झालं की आपलंही झालं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. आपल्या गटांनी ही रेकॉर्डिंग्ज जपावीत, आणि सांगणारीची संमती असेल तेवढीच वापरावीत, कारण गोष्ट तिची आहे. लिहिण्याची ओढ असलेल्या मैत्रिणीला वर्षातून महिनाभर तरी अहवालातून सुटी द्यावी, पगारासकट. आणि तिनं लिहिलेलं छापताना बोलीला हात लावू नये.

चांगली कादंबरी त्यातून निघेलच, असं कुणी सांगू शकत नाही. पण रात्री मान दुखली की नाही, हे ज्यांना माहीत आहे त्यांच्या हाती लेखणी तरी येईल.