टॉकीजच्या दोन दारांचा इतिहास कोण लिहिणार?

एखादे जुने टॉकीज बंद पडले की हळहळीचे लेख सुरू होतात. कोणता सिनेमा किती आठवडे चालला, ब्लॅकचा भाव कुठे गेला, इंटरव्हलचा वडा कसा होता. ठाण्यात ‘वंदना’ म्हटले की अनेकांना एसटी स्टँड आठवतो. डोंबिवलीत ‘टिळक टॉकीज’ किंवा ‘गोपी’ एवढे सांगितले तरी रिक्षावाल्याला पत्ता कळतो. या आठवणींबद्दल तक्रार नाही. तक्रार ही आहे की या इमारतींच्या भिंतींत, जिन्यांत आणि दारांत जो इतिहास आहे, तो कोणीच सांगत नाही.

जुन्या टॉकीजची ठरलेली मांडणी आठवा. वर बाल्कनी, खाली स्टॉल. पडद्याला अगदी खेटून सर्वात स्वस्त रांगा. बाल्कनीला दर्शनी बाजूने वेगळा जिना, वेगळी लॉबी, गादीच्या खुर्च्या. स्टॉलवाल्यांना वेगळी तिकीट खिडकी आणि तिच्यासमोर रांग आवरायला लोखंडी गज. सिनेमा सुटला की बाल्कनी पुढच्या दाराने रस्त्यावर आणि स्टॉल बाजूच्या दाराने गल्लीत. पडदा एक, गाणे एक, टाळ्याही एकाच वेळी. पण येताना-जाताना वरच्या माणसाचा खालच्या माणसाला धक्का लागू नये, याची तजवीज नकाशातच केलेली.

यावर कोणी म्हणेल, ‘हा तिकिटाच्या दराचा प्रश्न आहे, यात जात कुठून आणता?’ प्रश्न रास्त आहे. डोअरकीपर तिकीट पाहायचा, जात विचारायचा नाही. गावात पाणवठा वेगळा, देवळाचे दार बंद, आणि शहरात मात्र चार पैसे टाकले की अंधारात कोणाच्याही खांद्याला खांदा लावून बसता येते, हे आपल्या मागच्या पिढ्यांसाठी लहान नव्हते. ते श्रेय टॉकीजला दिलेच पाहिजे. पण कोणाच्या खिशात किती पैसे असणार, हे ज्या देशात जन्माने ठरत आले, तिथे दराची भिंत आणि जातीची भिंत बहुतेक वेळा एकाच पायावर उभी राहते. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. ती प्रत्येक वेळी पाटी लावून येत नाही, कधी जिना होऊन येते.

आणि करमणुकीच्या जागा मुळातच सर्वांसाठी खुल्या होत्या, असेही समजू नका. संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांच्या जोडीला सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे नावानिशी लिहिली आहेत. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याच्या कलम ४ मध्येही ती आहेत. कायद्याला हे नाव घेऊन सांगावे लागले, यातच सगळे आले.

परदेशातही हेच दिसते. १९४६ साली कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात व्हायोला डेस्मंड ही कृष्णवर्णीय स्त्री रोझलँड थिएटरच्या खालच्या, गोऱ्यांच्या भागात बसली म्हणून तिला फरफटत बाहेर काढले. गुन्हा कोणता? दोन जागांच्या तिकिटावरील करात एका सेंटचा फरक होता, तो बुडवल्याचा! तिथे काळ्यांना बाल्कनीत पाठवत, आपल्याकडे गरिबाला पडद्याखाली. म्हणजे प्रश्न वर-खालीचा नाहीच. माणसांना वेगळे ठेवायचे असले की वास्तुशास्त्र हुकमाप्रमाणे वाकते.

आता वारशाचे बघा. मुंबईच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. रीगल, इरॉस त्यात आहेत. चांगलेच झाले. रीगल १९३३ मध्ये उघडले तेव्हा तळघरात मोटारी लावायची सोय होती, हे आवर्जून सांगितले जाते. मोटारवाल्याचा इतिहास लिहिला गेला. स्टॉलवाला कोणत्या दाराने आत गेला, हे कोणी लिहिले? मग ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरच्या टॉकीजना कोण विचारतो? त्यांना वारसा-यादी नाही, थेट रीडेव्हलपमेंट आहे. त्या जागी येणाऱ्या मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये वेगळा जिना नसतो, कारण त्याची गरजच उरलेली नाही. स्टॉलच काढून टाकला आहे. पूर्वी बाजूच्या दाराने तरी आत घेत होते, आता तिकिटाचा आकडाच दारावर उभा आहे.

म्हणून मित्रहो, नुसते हळहळू नका, नोंद करा. चित्रपटगृहाचा परवाना १९५३ च्या कायद्याखाली जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात. बांधकामाची परवानगी पालिका देते. प्रत्येक वेळी नकाशा जोडावा लागतो. माहिती अधिकाराचा अर्ज करा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि आपल्या भागातील टॉकीजचे मंजूर नकाशे मागा. त्यांत दारे मोजा, जिने मोजा, कोणत्या वर्गाला किती खुर्च्या आणि किती मुताऱ्या ते मोजा. इमारत उभी असेल तर पडण्याआधी प्रत्येक दाराचा फोटो घ्या. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना, डोअरकीपरांना, झाडलोट करणाऱ्यांना बोलते करा.

महाडच्या तळ्याचा इतिहास आपण लिहिला म्हणून तो उरला. आपल्या शहरांच्या दारांचा इतिहासही आपल्यालाच लिहावा लागेल. बाल्कनीत बसलेल्यांना ते बाजूचे दार कधी दिसलेच नाही.

जय भीम!