आवाज कुठून येतो ते आधी ऐका

गेल्या महिन्यात आमचे जुने सुभेदार साहेब पठाणकोटला येऊन गेले. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, गाव कराडजवळ. पेन्शन घेत ओट्यावर बसणाऱ्यांपैकी ते नाहीत. एक जुनी तेरा सीटची डिझेल व्हॅन घेतली, सीटा काढल्या, आत पलंग, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, दुसरी बॅटरी बसवून घेतली आणि वहिनींना घेऊन निघाले श्रीनगर, झोजिला, कारगिलमार्गे लेहला. माझ्या क्वार्टरसमोर गाडी थांबली तीच 'खट्' करून. चहाचं विचारायच्या आधी माझ्या तोंडून निघालं, "साहेब, हा आवाज कधीपासून?"

"नाशिकपासून. आता तू नको सुरू होऊस. तीन मिस्त्री झालेत."

पहिल्याने इंजिनची माउंटिंग रबरं बदलली. दुसऱ्याने क्लचप्लेट टाकली. तिसऱ्याने मागचे शॉकअब्सॉर्बर नवे बसवले आणि जाताना सांगितलं की डिफरन्शियल गेलंय, भंगार बाजारात जुनं मिळालं तर बघा. अडतीस हजार गेले आणि खट् जिथल्या तिथे. साहेबांनी मनाशी ठरवलं होतं की एवढं लेह करून येऊ, मग बघू.

मित्रांनो, मी ईएमईचा माणूस आहे, त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटेल. तरी लिहितो. जुन्या गाडीच्या खालून येणाऱ्या ठोक्याला 'मग बघू' हे उत्तर चालत नाही. प्रॉपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत जाणारी ती लांब नळी. घाट उतरताना जॉइंट तुटून ती सुटली, तर इंजिन आणि चाकं यांचं नातं तिथेच संपतं. दुसरा गिअर टाकून उतरतोय, गिअर गाडी धरून ठेवेल, हा हिशोब खलास. उरतो तो फक्त ब्रेक, आणि तोही तापलेला. झोजिला ३,५२८ मीटरवर आहे. तिथे हे शिकायची गरज नाही.

दुसरं मत जरा टोचेल. तीन मिस्त्री चोर होते असं मला वाटत नाही. आपण डॉक्टरला नुसतं तपासायचे पैसे देतो. मिस्त्रीला मात्र पार्ट बदलल्याचेच देतो. त्याने अर्धा तास गाडी चालवून, खाली झोपून, "काही बदलू नका, नुसतं ग्रीस मारा" असं सांगितलं तर आपण पन्नास रुपये चहापाण्याचे काढतो. मग तो पार्टच बदलणार. निदानाचे पैसे वेगळे द्या, आधी कबूल करून द्या, असं मी हल्ली सगळ्यांना सांगतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. खासगी गाडी युनिटच्या वर्कशॉपला नेता येत नाही, नेऊही नये. छावणीबाहेर एका सरदारजींचं गॅरेज आहे, तिथे गेलो. त्यांना म्हटलं, पाना नंतर, आधी फिरून येऊ. त्याआधी वहिनींना विनंती करून कुकर, डबे, सिलिंडर, सगळं स्वयंपाकघर उतरवून ठेवलं. हसू नका. घर केलेल्या गाडीत निम्मे आवाज भांड्यांचे असतात आणि त्यांच्या पायी खरा आवाज लपतो.

गाडी उभी, इंजिन चालू, क्लच दाबला-सोडला: काही नाही. निघालो. अॅक्सिलेटर दिला की एक खट्, सोडला की एक खट्. तिसऱ्यात तसंच, चौथ्यात तसंच. मग एकाच वेगाने, चाळीसवर, गिअर बदलून पाहिलं. आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलला असता तर दोष पुढे, इंजिन-क्लचच्या बाजूला. इथे तो गाडीच्या वेगाबरोबर राहिला, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बघायचं. सपाट मोकळ्या रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करून गाडी नुसती पळू दिली (घाटात हे कधीही करू नका). खट् थांबलं, पण खालून बारीक 'चिक्-चिक्-चिक्' ऐकू आलं, चिमणीसारखं.

साहेबांना मी म्हणालो, मोजा. चाकाच्या एका फेऱ्यात ते चिक् तीन-चारदा येत होतं. अशा गाड्यांत चाक एकदा फिरतं तेव्हा शाफ्ट साधारण चारदा फिरतो. क्राउनचा दात तुटला असता तर सरळ रस्त्यावर चाकाच्या फेऱ्याला एकच ठोका आला असता. आतले छोटे गिअर खराब असते तर वळणावर बोंब मारली असती. तिसऱ्या मिस्त्रीचं डिफरन्शियल निर्दोष सुटलं.

परत आलो, चाकांना लाकडाचे ठोकळे लावले, न्यूट्रल केलं आणि मी खाली झोपलो. जॉइंटच्या दोन्ही बाजूंचे योक दोन हातांत धरून उलट दिशेने पिळले. पुढचा जॉइंट घट्ट. मागचा, हाउसिंगजवळचा, हातात खडखडला. कपांच्या कडेला तांबूस भुकटी. कोरड्या पडलेल्या बेअरिंगची ती सही असते. इथे नवशिके एक चूक करतात. शाफ्ट हलवला की पिनियनही थोडा हलतो आणि ते डिफरन्शियलवर बोट ठेवतात. दातांमध्ये थोडी मोकळीक हवीच, नाहीतर गिअर जळतील. क्रॉसमध्ये मात्र ती शून्य हवी.

शाफ्ट उतरवण्याआधी सरदारजींनी फ्लँजवर आणि स्लिप जॉइंटवर पांढऱ्या रंगाने खुणा केल्या, तेव्हा मला बरं वाटलं. कारण ही खूण न करण्याची शिक्षा मी भोगली आहे. एलएडीत नवा होतो तेव्हा शक्तिमानचा शाफ्ट घाईत जोडला आणि दोन टोकांचे योक एका रेषेत आले नाहीत. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढचा भाग एका फेऱ्यात दोनदा जलद, दोनदा मंद होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हे झटके भरून काढतो, पण योक जुळलेले असतील तरच. माझी गाडी थरथरत गेटपर्यंत गेली आणि उस्तादांनी ती मला संध्याकाळपर्यंत चार वेळा उघडायला-जोडायला लावली. चौथ्यांदा खूण करायला विसरलो नाही.

सर्क्लिप काढून कप बाहेर आले. एका कपात सुयांच्या जागी तपकिरी पीठ, क्रॉसच्या बोटावर नखाला लागतील अशा खाचा. सेंटर बेअरिंगचं रबरही फाटलेलं. नवा क्रॉस, नवे सर्क्लिप, सेंटर बेअरिंग, ग्रीस, मजुरी आणि मी आग्रहाने द्यायला लावलेले तपासणीचे पैसे, सगळं धरून पाच हजारांच्या आत.

पण क्रॉस गेला का, हा प्रश्न उरतोच. नाहीतर नवाही जाईल. सवारी गाडी कधी भरलेली, कधी रिकामी असते. घर केलेली गाडी कायम भरलेली. साहेबांची पाण्याची टाकी आणि बॅटरी मागच्या अॅक्सलच्याही मागे. कमानपाटे बसलेले, त्यामुळे शाफ्टचा कोन मूळचा राहिलेला नाही. त्यात गाडी वर्षातले आठ महिने अंगणात उभी. उभ्या गाडीत सुया एकाच जागी दाबून राहतात, ग्रीस सुकतं, ओल शिरते.

"शेवटचं ग्रीस कधी मारलं होतं, साहेब?"

साहेब काही बोलले नाहीत. ज्या माणसाने वीस वर्षं फर्स्ट परेडला आम्हाला गाडीखाली घातलं, ऑइल, ग्रीस, नटबोल्ट बघितल्याशिवाय गेटबाहेर सोडलं नाही, त्याने स्वतःच्या गाडीला एकदाही ग्रीसगन लावली नव्हती. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं हे होतं. वर्दीबरोबर सवयही जमा करून येतो. मी त्यांना आणखी काही ऐकवलं नाही.

टाकी निम्मीच भरायची ठरलं, बॅटरी ड्रायव्हरच्या सीटमागे आणली. यू-बोल्ट सामान चढवल्यावर कसले आणि उधमपूरला पोचल्यावर पुन्हा बघायला सांगितले. ग्रीसगन मी माझीच दिली. चारही कपांतून ताजं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत मारायचं. एका कपातून आलं नाही तर ती वाट बंद आहे असं समजायचं.

चार दिवसांनी कारगिलहून फोन आला. "झोजिला झाला. खट् नाही, चिक् नाही. पण मागे काहीतरी खणखणतंय."

"कधीपासून?"

मागून वहिनींचा आवाज आला, "माझा डबा आहे तो. ह्यांनीच झाकण नीट लावलं नाही."

"यू-बोल्ट बघितले?"

"उधमपूरला बघितले. एक अर्धा फेरा गेला," साहेब म्हणाले. "आणि आज सकाळी परत झोपलो होतो खाली."