तेवीस मार्च आणि सव्वीस मार्च

आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त दोन वर्षे हनोईस होता. गेल्या दिवाळीत तो ग्वाल्हेरला घरी आला, तेव्हा फराळाला म्हणून आमच्याकडे येऊन बसला. बोलता बोलता तिकडच्या युवक संघटनेचा विषय निघाला. निळे सदरे घातलेली मुले-मुली दरवर्षी २६ मार्चला आपल्या संघटनेचा वाढदिवस साजरा करतात, असे त्याने सांगितले. वर्ष विचारले तर म्हणाला, १९३१. मग थोडा थांबून त्यानेच विचारले, "सर, भगतसिंगांच्या फाशीला तेव्हा तीनच दिवस झाले होते ना?"

तीस वर्षे शाळेत २३ मार्चला भाषण करणाऱ्या आम्हांला हा हिशेब कधी सुचला नव्हता.

तो गेल्यावर आम्ही कपाटातील पुस्तके काढली. व्हिएतनामी तरुणांची पहिली क्रांतिकारी मंडळी त्यांच्या देशात जमलीच नव्हती. १९२५ साली चीनमधील कॅन्टन शहरी न्गुयेन आय क्वोक, म्हणजे पुढचे हो चि मिन्ह, यांनी 'क्रांतिकारी युवक संघ' काढला. साम्यवादी पक्ष १९३० मध्ये झाला. अर्थात तेथे युवक आधी आणि पक्ष मागाहून. मार्च १९३१ च्या पक्षबैठकीत युवकांच्या कार्याचा विचार झाला, आणि त्या बैठकीचा अखेरचा दिवस हाच संघटनेचा जन्मदिवस असे १९६१ साली ठरविण्यात आले. जन्मतारीख तीस वर्षांनी ठरविल्याचे कोणाला नवल वाटेल, आम्हांला वाटले नाही. आमच्या शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरात अशा सोयीच्या जन्मतारखा पानोपानी आहेत.

या संघटनेचे नाव काळाप्रमाणे पालटत गेले. १९४१ मध्ये ती राष्ट्रमुक्तीच्या नावाने वावरली, १९५५ मध्ये श्रमिक युवक म्हणविली गेली, हो चि मिन्ह यांच्या निधनानंतर १९७० मध्ये त्यांचे नाव तिला मिळाले आणि १९७६ मध्ये 'साम्यवादी' हा शब्द परत आला. तिचा पहिला हुतात्मा ली तू त्रोंग सतरा वर्षांचा होता. परदेशी, सयाममध्ये वसलेल्या व्हिएतनामी घरात तो जन्मला होता. फेब्रुवारी १९३१ मध्ये सायगावात त्याने फ्रेंच पोलीस अधिकाऱ्यावर गोळी झाडली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा शिरच्छेद झाला. मुलुखाबाहेर वाढलेल्या पोराने मुलुखासाठी मान द्यावी, हे वाचताना आमच्या मनात झाशी-ग्वाल्हेरची मराठी मुले उभी राहिली.

आपल्याकडे लाहोरला १९२६ मध्ये 'नौजवान भारत सभा' निघाली, ती उघड होती. गुप्त संघटना तिच्याहून जुनी. काकोरीच्या खटल्यानंतर विस्कटलेले तिचे धागे सप्टेंबर १९२८ मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्याच्या अवशेषांत पुन्हा जुळविण्यात आले. तेथे भगतसिंगांच्या आग्रहाने तिच्या नावात 'समाजवादी' हा शब्द आला. चंद्रशेखर आझाद त्या बैठकीला नव्हते, तरी सेनापती तेच निवडले गेले. काकोरीनंतर आझादांनी झाशीत आश्रय घेतला होता. ओरछाच्या रानात ते नेमबाजीचा सराव करीत, आणि भोवती जमलेल्या मुलांत सदाशिवराव मलकापूरकर आणि विश्वनाथ गंगाधर वैशंपायन हे दोघे मराठी होते. तिसरे भगवानदास माहौर, ते पुढे आमच्या ग्वाल्हेरच्या व्हिक्टोरिया कॉलेजात शिकले. झाशीहून ग्वाल्हेर आगगाडीने जवळ. त्यात हे संस्थान असल्याने इंग्रजी पोलिसांचा हात येथे सरळ पोचत नसे. क्रांतिकारकांना संस्थाने सोयीची वाटत ती याचमुळे.

सप्टेंबर १९२९ मध्ये माहौर आणि मलकापूरकर बॉम्बच्या साहित्यासह भुसावळ स्थानकावर पकडले गेले. पुण्याला जाताना आपली गाडी भुसावळला थांबते, आपण केळी घेतो, मुलांना पाणी पाजतो आणि पुढे जातो. त्या फलाटावर आपल्या भागातील ही दोन पोरे पकडली गेली, हे आम्ही स्वतःच्या मुलांनाही कधी सांगितले नाही. खटला जळगावला चालला. आझादांनी पाठविलेले पिस्तूल सदाशिवरावांचे बंधू शंकरराव यांनी तुरुंगात पोचविले आणि फेब्रुवारी १९३० मध्ये माहौरांनी भर न्यायालयात माफीच्या साक्षीदारांवर गोळ्या झाडल्या. साक्षीदार वाचले. न्यायमंदिरात शस्त्र चालविणे आम्हांला शाळेत शिकविता येणार नाही आणि शिकवूही नये. पण ती मुले फितुरीला किती भाजली होती, हे त्या चुकलेल्या गोळ्यांवरून कळते. दोघांनाही दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. वैशंपायन १९३१ च्या फेब्रुवारीत कानपूरला सापडले. दिल्ली कटाच्या खटल्यात आरोपी म्हणून त्यांच्याबरोबर गजानन सदाशिव पोतदार हेही होते. त्याच महिन्याच्या २७ तारखेला अलाहाबादच्या बागेत आझाद पडले आणि २३ मार्चला भगतसिंग, सुखदेव यांच्याबरोबर खेडचे राजगुरू फासावर गेले. संघटना म्हणून ती तेथे संपल्यातच जमा. उरलेल्यांपैकी अजय घोष, शिव वर्मा असे काही तुरुंगातून साम्यवादी पक्षात गेले. घोष तर पुढे त्या पक्षाचे सरचिटणीस झाले.

तिकडच्या संघटनेला राज्य मिळाले, सदरा मिळाला, सोहळा मिळाला. इकडे काय उरले?

सदाशिवराव सुटून आले. आझादांची आई जगरानीदेवी भाबराच्या झोपडीत एकटी, हलाखीत दिवस काढीत होती. सदाशिवरावांनी तिला झाशीला आपल्या घरी आणले. तिला तीर्थयात्रा घडविली. १९५१ साली ती गेली, तेव्हा मुलाच्या जागी उभे राहून अग्नी त्यांनीच दिला. संघटनेच्या कोणत्या नियमात हे लिहिले होते? वैशंपायनांनी आझादांचे चरित्र हिंदीत लिहिले. माहौर, मलकापूरकर व शिव वर्मा यांच्या आठवणी 'यश की धरोहर' या नावाने निघाल्या. तेही हिंदीतच. यात मराठीपणाचा तोरा मिरविण्यासारखे काही नाही. त्या मुलांनी स्वतःस मराठी म्हणून मोजलेच नव्हते, आणि माहौर तर मराठी नव्हतेच. मात्र येथील मराठी घरांत शिंदेशाहीच्या वंशावळी तोंडपाठ असताना मलकापूरकर हे आडनाव ऐकून "विदर्भातले का हो?" असे विचारले जाते, तेव्हा आम्हांला संकोच वाटतो.

विद्यार्थी परत हनोईला गेला. परवा त्याचे पत्र आले. तेथील कचेरीत ली तू त्रोंगचे चित्र भिंतीवर आहे, तेव्हा सर, सदाशिवरावांचे एखादे छायाचित्र पाठवाल का, असे त्याने विचारले आहे. शाळेच्या सभागृहात भिंतीवर अठरा तसबिरी आहेत. त्या आम्ही पुन्हा एकदा पाहून आलो. त्यांत सदाशिवराव नाहीत. झाशीला एका जुन्या स्नेह्याला आम्ही लिहिले आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.