बर्थवर मांडा पत्त्यांचा डाव

सुट्टी लागली, तिकिटं निघाली, बॅगा भरल्या. डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजीही झाली. पण गाडीत बसल्यावर मुलं करणार काय? बहुतेक घरांत याचं उत्तर एकच असतं, ते म्हणजे मोबाइल. तो चार तास पुरतो. नंतर रेंज जाते, बॅटरी संपते आणि ‘किती वेळ राहिला?’ हा प्रश्न दर दहा मिनिटांनी सुरू होतो.

आमचं घर दिल्लीत, करोल बागेत. सोन्या-चांदीच्या गलाईच्या कामासाठी सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर, आटपाडी भागातली माणसं देशभर पसरली आहेत. आमचं कुटुंबही त्यातलंच. गावी जायचं म्हणजे निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेस. दुपारी बसलं, की दुसऱ्या दिवशी रात्री सांगली. या प्रवासात घरातली माणसं एकमेकांसमोर बसलेली असतात, कुणालाही कुठे जायचं नसतं. असा वेळ वर्षभरात दुसरा मिळत नाही.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी, दोन्ही मुलं आणि सासरे असे चौघं निघालो. यजमान कामामुळे मागे राहिले. सासऱ्यांना मुलं आबा म्हणतात. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच होते, पण दिवसभर खिडकीशी गप्प बसून असायचे. मुलांची शाळा हिंदी-इंग्रजी, खेळायचे मित्र सगळे हिंदी बोलणारे. धाकट्याला मराठी समजायचं, पण बोलायला तो लाजायचा. एका घरात राहून आजोबा आणि नातू एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते.

मथुरेच्या पुढे धाकट्याचा फोन बंद पडला. तेव्हा मी पिशवीतून पत्त्यांचा कॅट काढला. निघायच्या आदल्या दिवशी अजमल खान रोडवरून सहज घेतला होता. आबांनी तो माझ्या हातातून घेतला, असा काही सफाईने पिसला की धाकटा बघतच राहिला.

हुकूम कुठला, पान कुठलं?

डाव सुरू झाला आणि पहिल्याच फेरीत भांडण लागलं. आबा म्हणाले, “पान टाक.” धाकटा म्हणाला, “पान नहीं है मेरे पास!” आबांनी त्याच्या हाताकडे बघितलं. “मग ही एवढी धरलीस ती काय?”

घोळ लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. मराठीत पान म्हणजे कुठलाही पत्ता. हिंदीत पान म्हणजे बदाम. मराठीत हुकूम म्हणजे त्या डावात जो रंग श्रेष्ठ ठरवला तो, हिंदीत हुकुम म्हणजे इस्पिक. आबांनी “हुकूम बोल” म्हटलं, की धाकटा इस्पिकाचं पान काढून दाखवायचा!

मग आबांनी चार पानं बर्थवर ओळीने मांडली आणि नावं शिकवली: इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. पुढे दुर्री, तिर्री, सत्ती, अठ्ठी. धाकट्याने बदल्यात हिंदी नावं शिकवली: हुकुम, पान, चिडी, ईंट. तुमच्याही घरात मुलं मराठी बोलायला लाजत असतील तर हे करून बघा. खेळताना कुणी उच्चार तपासत नाही. पान टाकायची घाई असते, त्यामुळे शब्द आपोआप तोंडात बसतात.

कुणासाठी कुठला खेळ?

पुढच्या खेळांचे नियम घरागणिक थोडे वेगळे असतात. सुरुवात करण्याआधी सगळ्यांनी एकदा ठरवून घ्यावं.

भिकार-सावकार (दोघं, वय ५-६ पासून): सगळी पानं दोघांत सारखी वाटायची आणि न बघता उलटी ठेवायची. आळीपाळीने वरचं पान उघडून मध्ये टाकायचं. आधीच्या पानाशी आकडा जुळला, म्हणजे पंजावर पंजा पडला, की टाकणाऱ्याने सगळा ढीग घ्यायचा. पानं संपली तो भिकारी, सगळी मिळाली तो सावकार. यात डोकं चालवावं लागत नाही, त्यामुळे लहान मूल मोठ्यांना खरोखर हरवू शकतं. मुद्दाम हरण्याचं नाटक करावं लागत नाही.

गुलामचोर (तिघं ते सहा जण, वय ६-७ पासून): तीन गुलाम काढून ठेवा, एकच आत राहू द्या. बाकी ४८ पानांच्या २४ जोड्या होतात. सगळी पानं वाटा. प्रत्येकाने आपल्या हातातल्या जोड्या खाली टाकायच्या, मग शेजाऱ्याच्या हातातलं एक पान न बघता ओढायचं. जोडी झाली तर टाकायची. शेवटी ज्याच्याकडे गुलाम उरतो तो चोर. इथे सगळी मजा चेहऱ्यावर काही दिसू न देण्यात आहे.

बदाम सात (चार ते सहा जण, वय ७-८ पासून): सगळी पानं वाटायची. ज्याच्याकडे बदामाची सत्ती, त्याने ती मांडून सुरुवात करायची. मग त्याच रंगाची छक्की खाली किंवा अठ्ठी वर लावता येते, किंवा दुसऱ्या रंगाची सत्ती मांडता येते. लावण्यासारखं पान नसेल तर ‘पास’. ज्याची पानं आधी संपतील तो जिंकला. सातच का, असं मुलं विचारतात. त्यांना मोजायला सांगा: सत्तीच्या खाली एक्क्यापर्यंत सहा पानं आणि वर राजापर्यंतही सहाच.

पाच-तीन-दोन (बरोबर तिघं, वय ९-१० पासून): पानं ३० लागतात. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची सगळी, म्हणजे २८, आणि इस्पिक व बदामाच्या सत्त्या. प्रत्येकाला १० पानं. एकाने पाच हात करायचे, एकाने तीन, वाटणाऱ्याने दोन. पहिली पाच पानं बघून पाचवाला हुकूम बोलतो. जास्त हात केलेल्याला पुढच्या डावात कमी पडलेल्याकडून तेवढी पानं ओढता येतात. आई-बाबा आणि एक मूल असं कुटुंब असेल तर यासारखा खेळ नाही.

मेंढीकोट (चौघं, दोन जोड्या, वय १० पासून): समोरासमोर बसलेले भिडू. प्रत्येकाला १३ पानं. उतारीचा रंग हातात असेल तर तोच टाकायचा. नसेल तेव्हा जे पान टाकाल त्याचा रंग हुकूम होतो. दश्शी म्हणजे मेंढी. जास्त दश्श्या ज्यांच्या हातांत आल्या ते जिंकले. दोन-दोन झाल्या तर सात हात करणारे जिंकले. चारही मिळवल्या की समोरच्यांवर कोट! उत्तरेत ‘दहला पकड’ खेळतात तो याचाच भाऊ. त्यामुळे भिडू कमी पडला तर समोरच्या बर्थवरच्या सहप्रवाशाला विचारायला हरकत नाही. आम्हाला नियम समजावून सांगावेच लागले नाहीत.

‘पत्ते म्हणजे वाईट सवय’?

काही घरांत अजूनही पत्ते म्हटलं की कपाळावर आठी येते. वाईट असतो तो जुगार, खेळ नव्हे. आपल्याकडे सावंतवाडीची गंजिफा आहे. गोल, हाताने रंगवलेली पानं. दशावतारी गंजिफेत विष्णूचे दहा अवतार, प्रत्येकाची १२ पानं, एकूण १२० असतात. सावंतवाडीच्या राजवाड्यात ही कला आजही जपली जाते.

तरी घरात एक नियम पक्का हवा: पैसे कधीच लावायचे नाहीत, रुपयाही नाही. गुण मोजायला चिंचोके किंवा शेंगदाणे घ्या. शेंगदाण्यांचा हिशेब मात्र लवकर बिघडतो, कारण जिंकणारा ते खाऊन टाकतो.

निघण्यापूर्वी एवढं करा

* पानं घरीच मोजून घ्या. ५२ आणि जोकर. एखादं पान हरवलं तर जोकरवर पेनाने त्याचं नाव लिहा. आमच्या कॅटमध्ये किलवरची नव्वी अशीच आहे.
* खिडकी उघडी असेल तर कागदी पानं उडतात. प्लास्टिकची पानं घ्या आणि खाली टॉवेल पसरा, त्यावर ती घसरत नाहीत.
* जागा कमी असेल तर बदाम सातमध्ये पानं लांब मांडू नका. सत्तीच्या दोन बाजूंना दोन ढीग करा, वरचं पान दिसलं की पुरे.
* कारमध्ये, विशेषतः घाटात, खाली मान घालून पानं बघितली की काही मुलांना मळमळतं. तिथे पत्ते बाहेर काढू नका. थांबा घेतला की एक डाव मांडा. गाडी चालवणाऱ्याला तर खेळात ओढूच नका.
* रेल्वेत रात्री १० ते सकाळी ६ ही झोपायची वेळ. त्याआधी डाव आवरा. तुमचा कोट दुसऱ्याच्या झोपेवर पडायला नको.
* हरल्यावर मूल रडलं तर खेळ थांबवून उपदेश करू नका. पुढचा डाव त्यालाच वाटायला द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुसावळ गेलं तेव्हा मी जागी झाले. समोर आजोबा-नातू दोघंच भिकार-सावकार खेळत बसले होते. आबा त्याला त्यांच्या लहानपणीची गोष्ट सांगत होते. गावच्या देवळात भरदुपारी डाव चालायचा आणि वडील आले की पानं घोंगडीखाली जायची. धाकटा मध्ये मध्ये विचारत होता, “मग? मग काय झालं?” मराठीत. मी डोळे मिटून पडून राहिले.

त्या सुट्टीनंतर आबा गावीच राहिले. दिल्लीची थंडी सोसत नाही म्हणतात. त्यांना परत आणायचं की नाही, यावर आमच्याकडे अजून बोलणं चालू आहे. धाकट्याने मात्र आपलं मत देऊन टाकलंय. दर रविवारी फोनवर तो आबांना तेच सांगतो, “आबा, या ना लवकर. मेंढीकोटला चौघं लागतात. बाबांना हुकूमसुद्धा लक्षात राहत नाही.”