बैलाचे दात पाहता, मग बीड घेताना काय पाहता?

बैलबाजारात शेतकरी बैलाचे दात मोजतो, खूर बघतो, चार पावले चालवून पाहतो. पण पंपाचा इंपेलर, इंजिनाचा लायनर किंवा कडबाकुट्टीचे चाक घेताना मात्र रंग बघतो, हातात उचलून वजनाचा अंदाज घेतो आणि "किती कमी करणार?" एवढंच विचारतो. आमच्या कडबाकुट्टीचे नवे चाक बसवताना चावी ठोकली आणि चाकाचे दोन तुकडे झाले. दुकानदार म्हणाला, "बीड आहे, फुटायचंच!" हे उत्तर अर्धेच खरे आहे.

बीड म्हणजे नुसते लोखंड नव्हे. त्यात साधारण तीन-साडेतीन टक्के कार्बन आणि दोन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असते. सिलिकॉनमुळे कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. असे करडे बीड दाब सोसते, हादरे जिरवते, लेथवर सहज कापले जाते. पण ताण आला की त्याच पापुद्र्यांपाशी चिरते. सिलिकॉन कमी पडले किंवा ओतीव माल फार लवकर थंड झाला, तर बीड पांढरे, काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते.

खताच्या मात्रेसारखेच हे आहे. नत्र जास्त झाले की गहू लोळतो, तसे इथेही प्रमाण चुकले की माल बिघडतो. फॉस्फरसमुळे रस पातळ होऊन साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. नक्षीच्या जाळीला ते चालते, पण ठोके खाणाऱ्या चाकाला तोच फॉस्फरस घातक. भट्टीतल्या कोकमधून गंधक येते, ते बांधून ठेवायला मँगेनीज लागते. तांब्याने ताकद वाढते. लायनरच्या बिडात थोडे क्रोमियम असले तर झीज कमी होते, पण हात सैल सुटला तर माल कडक होऊन तडकतो. सगळ्यात नवल मॅग्नेशियमचे. शंभर किलो बिडात जेमतेम चाळीस ग्रॅम टिकून राहिले, की पापुद्र्यांऐवजी ग्रॅफाइटच्या गोळ्या बनतात आणि तेच बीड फुटायच्या आधी वाकते. हा शोध १९४८ साली जाहीर झाला.

म्हणून सरकारी मानकांत बिडाच्या प्रती ठरवून दिल्या आहेत. करड्या बिडाची एफजी १५०, एफजी २००, एफजी २६० अशी चढती नावे आहेत. एफजी २०० म्हणजे ताणून तोडायला दर चौरस मिलिमीटरला किमान २०० न्यूटन, म्हणजे साधारण वीस किलोची ओढ लागली पाहिजे. गोळीच्या बिडावर एसजी ४००/१५ असे लिहितात. त्यातला पंधराचा आकडा तुटण्याआधी ते किती टक्के ताणले जाते ते सांगतो. करडे बीड एक टक्कासुद्धा ताणत नाही.

१९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आणला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. आज आपण दुसऱ्या टोकाला गेलो आहोत. दुकानदार देईल ते मुकाट्याने घेतो. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतून मोटारींचे सुटे भाग तपासणीच्या दाखल्यासह बाहेर पडतात. मग शेतकऱ्याच्याच पदरात भंगारातला निनावी माल का पडावा?

यात ग्रामपंचायतींचीही जबाबदारी आहे. गटारीच्या चेंबरची झाकणे आणि नळयोजनेचे व्हॉल्व्ह किलोच्या भावाने घेऊ नयेत. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी निविदेत बिडाची प्रत लिहावी आणि तपासणीचा दाखला आल्याशिवाय बिल काढू नये. शेतकऱ्यांनीही पक्क्या पावतीवर प्रत लिहून घ्यावी. दुकानदार लिहून देत नसेल, तर दुसरे दुकान गाठावे. ऐन पाण्याच्या पाळीला पंप फुटला तर वाचवलेल्या शे-दोनशे रुपयांत पीक परत येत नाही.