'योद्धा' नावाची पळवाट

करोनाच्या साथीवर मराठीत किती कविता लिहिल्या गेल्या याची मोजदाद कोणी ठेवली नसावी, आणि ठेवली नाही हे बरेच झाले. 2020 च्या एप्रिलपासून पुढची दीडएक वर्षे आम्हा मराठीच्या प्राध्यापकांच्या मोबाइलवर रोज सकाळी निदान दोन कविता येऊन पडत. निम्म्यांत पांढऱ्या वेशातला देव असे, उरलेल्यांत पांढऱ्या वेशातला योद्धा. आम्ही त्या पुढे पाठवल्या, ऑनलाइन कविसंमेलनांत त्यांना दाद दिली, आणि आमच्यापैकी काहींनी तशा लिहिल्याही. तेव्हा पुढे जे म्हणायचे आहे ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहूनच म्हणतो आहोत.

'योद्धा' ही प्रतिमा गौरवाची म्हणून वापरली गेली, पण तिने काम केले ते पळवाटेचे. योद्ध्याला मरण्याची मुभा असते, थकण्याची नसते. मेला तर हुतात्मा. परत आला तर हार. पण परत येऊन रात्री दचकून उठू लागला तर त्याचे काय करायचे, हे आपल्या वीररसाला ठाऊक नाही. देवाचे तर त्याहून सोपे: देवाला झोप लागत नाही, पगार लागत नाही, आणि त्याच्या मनाची विचारपूस करण्याचा प्रघात नाही.

हा निव्वळ अलंकाराचा दोष असता तर आम्ही इतके लिहिले नसते. पण प्रतिमा जशी असते तशीच पुढे व्यवस्थाही घडते. 22 मार्च 2020 रोजी थाळ्या वाजल्या. 3 मे रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले पडली. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचे विमाकवच जाहीर झाले, ते मृत्यूसाठी. ते योग्यच होते. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांना ते मिळायलाच हवे होते. मात्र जो जिवंत राहिला आणि ज्याची झोप उडाली, त्याच्यासाठी त्या कवचात रकाना नव्हता. योद्ध्याच्या कल्पनेत जे बसत नाही ते विम्यातही बसले नाही.

यावर आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, "अहो, लोकांनी मनापासून कृतज्ञता व्यक्त केली, त्यात तुम्हाला काय खुपते?" खुपते ते असे. मीरा-भाईंदर हे नोकरी मुंबईत आणि घर इथे अशा माणसांचे शहर आहे. भाईंदर पश्चिमेचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय 2020 मध्ये करोनासाठी राखून ठेवले गेले हे खरे, पण इथल्या किती तरी सिस्टर, ब्रदर, तंत्रज्ञ, मामा आणि मावशी दहिसर नाक्यापलीकडच्या रुग्णालयांत कामाला जात. लोकल बंद होत्या. अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी त्या सुरू झाल्या 15 जूनला. तोवर पहाटे बसच्या रांगेत उभे राहायचे. संध्याकाळी परतल्यावर ज्या सोसायट्यांनी थाळ्या वाजवल्या त्यांतल्याच काहींत जिन्यावरून जाताना दारे लावली जात. देवाला देव्हाऱ्यात ठेवतात, शेजारी राहू देत नाहीत. कृतज्ञतेची ही रीत आम्हाला खुपते.

सगळ्यांत कमी लिहिले गेले ते शस्त्रक्रियागृहातल्या माणसांविषयी. श्वास, प्राणवायू, व्हेंटिलेटर ही त्या काळाची दृश्ये होती, आणि शल्यचिकित्सेचे काम तर थांबले होते असाच सर्वसाधारण समज होता. ठरवून करायच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या हे खरे. मग शल्यचिकित्सक आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे निवासी डॉक्टर कुठे होते? करोनाच्या वॉर्डात, ज्या कामाचे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते त्या कामावर. ज्याचे हात काही तरी दुरुस्त करण्यासाठी तयार झाले आहेत त्याने नुसते आकडे उतरताना पाहत उभे राहायचे. आणि जे पुढे ढकलता येत नव्हते, म्हणजे अडलेल्या बाळंतिणी, अपघात, फुटलेले अपेंडिक्स, ते तर चालूच होते. पीपीई किटच्या आत घाम, चष्म्यावर वाफ, दोन-दोन हातमोजे, आणि ज्याला वाचवायचे त्याचीच लागण होण्याची भीती.

मग 2021 चा मे महिना आला आणि त्याबरोबर काळी बुरशी. करोनातून उठलेली माणसे, पुष्कळशी मधुमेही, पुष्कळांना स्टेरॉइड दिलेली, सुजलेला डोळा नाहीतर दुखणारा जबडा घेऊन परत येऊ लागली. या रोगात औषधाइतकेच महत्त्व शस्त्राला असते. मेलेला भाग खरवडत जायचे, रक्त दिसेपर्यंत. तो भाग नाकात असेल तर नाकात, टाळूत असेल तर टाळू, आणि प्राण वाचवायचे तर कधी डोळासुद्धा. एकदा करून भागत नाही. चार दिवसांनी पुन्हा तोच रुग्ण, तेच टेबल. महाराष्ट्रात या रोगाचे रुग्ण देशातल्या सर्वाधिकांत होते, आणि अँफोटेरिसिन बी या इंजेक्शनचा तुटवडा होता. 'तुम्ही बरे झालात' असे ज्याला पंधरा दिवसांपूर्वी सांगून घरी पाठवले त्याचा डोळा काढणाऱ्या हातांना काय झाले असेल? त्या वर्षीच्या आमच्या कोणत्याही दिवाळी अंकाने हा प्रश्न विचारल्याचे आमच्या पाहण्यात नाही. प्राणवायूवरच्या कविता मात्र भरपूर होत्या.

ही खोड जुनी आहे. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करताना गेल्या, 10 मार्चला. हे आम्ही दर वर्षी सांगतो. हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात ज्याचा दवाखाना होता तो त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत. आई आपल्याच दवाखान्याच्या कामात गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरने रुग्ण कसे तपासले असतील, याविषयी आमच्या वाचनात एक ओळ आलेली नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस शल्यचिकित्सक होते. चीनमधल्या युद्धात अखंड शस्त्रक्रिया करत राहिले, अपस्माराचे झटके येऊ लागले तरी थांबले नाहीत, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी बत्तिसाव्या वर्षी गेले. 1946 मध्ये शांताराम बापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला, त्याच्या नावात 'अमर' हा शब्द आहे. तो माणूस थकला होता, हे वाक्य त्या अमरत्वात कुठे बसवायचे?

कोणी म्हणेल, मराठीत यासाठी भाषाच नाही, हे सारे इंग्रजी मानसशास्त्राचे शब्द. साफ खोटे. उबग, शीण, धसका, हाय खाणे, जीव उडणे, कासावीस होणे: इतकी नेमकी शब्दसंपदा आपल्या आयाबायांनी आपल्याला दिली आहे. 'ट्रॉमा' म्हटल्यावर जे कळत नाही ते 'तिने धसका घेतला' म्हटल्यावर कळते. अडचण निराळी आहे. 'धसका' हा शब्द रजेच्या अर्जात लिहिता येत नाही. तिथे ताप लागतो, मणका लागतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने वागवा असे म्हटले, तरी अर्जावर सही करणाऱ्या साहेबाची भाषा अजून 'मनाला लावून घेऊ नका' हीच आहे.

2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाने निवासी डॉक्टरांना आठवड्याला 74 तासांपेक्षा अधिक काम देऊ नये अशी शिफारस केली. 74 हा आकडा सुधारणा म्हणून सुचवावा लागतो, यावरून आधीची स्थिती ओळखावी. शिवाय तो कृतिगट वैद्यकीय विद्यार्थ्यांपुरता होता. सिस्टर, तंत्रज्ञ, टेबल धुणारे मामा यांच्या मनाचे तास कोणी मोजायचे? साथीत कंत्राटावर घेतलेल्या अनेकांना तर लाट ओसरताच घरी पाठवले गेले, योद्धेपणासकट.

आता आमच्या पिंजऱ्याची गोष्ट. 2021 मध्ये आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी आम्ही 'कोविड योद्धा' हा निबंधाचा विषय ठेवला. द्वितीय वर्षाच्या एका मुलीने आईवर लिहिले. आई मुंबईतल्या एका रुग्णालयात थिएटर सिस्टर. शस्त्रक्रिया संपवून टाके घालण्याआधी आत काही राहिले नाही ना, म्हणून मॉप आणि उपकरणे मोजायची असतात. ते आईचे काम. त्या मे-जूनमध्ये आई घरी आल्यावर जेवायची नाही, ओट्याजवळ उभी राहून चमचे मोजायची. मोजून झाले की पुन्हा मोजायची. मुलीने निबंधात शेवटी चमच्यांचा आकडा लिहिला होता, सतरा, आणि तिथेच थांबली होती.

आम्ही तो निबंध घेतला नाही. संपादक मंडळाच्या बैठकीत आमच्यातल्याच एकाने 'सूर नकारात्मक आहे, समारोप नाही' असा शेरा दिला आणि बाकीच्यांनी मान डोलावली. बक्षीस पांढऱ्या वेशातल्या देवाला मिळाले.

ती मुलगी यंदा एम.ए. झाली. परवा भाईंदर स्टेशनच्या पुलावर भेटली तेव्हा आम्ही निबंधाचा विषय काढला. तिला तो आठवत होता. आई अजून त्याच थिएटरात आहे, म्हणाली. चमच्यांचे विचारायचे आमच्या मनात होते, पण तेवढ्यात विरार लोकल लागली आणि ती धावत जिना उतरून गेली.